ट्रेलरच्या सिंकखाली

सिंकखालच्या कपाटात माणसाचं डोकं जातं, उजवा हात जातो, थोडं वाकडंतिकडं होऊन डावाही जातो. पोट मात्र जात नाही. ज्याने हा ट्रेलर बनवला त्याने कधीतरी कुणीतरी दुरुस्तीला आत शिरेल असा विचार नक्की केला असणार. फक्त तो विचार करताना त्याच्या डोळ्यांसमोर मी नव्हतो.

शुक्रवारी दुपारी मी त्या कपाटात अर्धा शिरून उताणा पडलो होतो. तोंडात बॅटरी, हातात पाना, कपाळावर थेंब. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून आम्ही तळ्याकाठी चार दिवस राहायला निघणार होतो, म्हणून मी टाकी भरली, नळ सोडून बघितला, सगळं ठीक आहे म्हणून स्वतःवर खूश झालो आणि सहज कपाटाचं दार उघडलं, तर तळं आत आधीच तयार.

सिंकच्या नळाला खालून दोन नळ्या येतात, एक थंड पाण्याची आणि एक गरम. नळीच्या टोकाला प्लास्टिकचा पांढरा नट असतो, तो नळाच्या बुडाशी बसतो. थंड नळीच्या नटाशी थेंब जमत होता. मी पाना लावला आणि नट असा काही आवळला, की आवाज नटाऐवजी माझ्याच तोंडातून निघाला. थेंब थांबला. मी फडक्याने पाणी टिपलं, दार लावलं आणि कुणाला काही बोललो नाही.

का बोललो नाही ते सांगतो, पण आधी माझा धंदा सांगायला हवा, म्हणजे तुम्हाला हसायला सोपं जाईल. मी विमा कंपनीत नुकसान तपासायला जातो. लोकांच्या घरात पाणी गळतं, छत फुगतं, कपाटं कुजतात, आणि मग मी वही न काढता नुसता डागाकडे बघत उभा राहतो. डागाच्या कडेवरून मी सांगू शकतो, पाणी कधीपासून मुरतंय, कुठून येतंय, आणि मुख्य म्हणजे चूक कुणाची. ‘मालकाच्या निष्काळजीपणामुळे’ हे शब्द मी इतक्यांदा लिहिलेत, की झोपेत विचारलं तरी तेच सांगेन. गळत्या मी ढिगाने पाहिल्या. बंद मात्र आजवर एकही केली नाही. तरी घरात नळ टपकला की सगळे माझ्याकडे बघतात आणि मीही, का कोण जाणे, बाह्या सरसावतो.

ट्रेलर गेल्या वर्षी घेतला, कुणीतरी वापरून कंटाळलेला. गाडीमागे जोडून न्यायचं घर: समोरासमोर दोन बाकं, ती उलगडली की पलंग, एक शेगडी, एक सिंक, आणि एक संडास, ज्याबद्दल बायकोने पहिल्याच दिवशी बजावलं, की तो आपण पाहिलेलाच नाही असं समजायचं. बायको ट्रेलरला डबा म्हणते. ‘तुमचा डबा.’ आनंद झाला असेल तर ‘आपला डबा’. वर्षभरात आनंद दोनदा झाला.

आणि या वेळी डब्यात ताई येणार होती.

ताई माझी मोठी बहीण. सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून केली. मोठमोठे सर्जन तिच्यापुढे हात पुढे करून शाळकरी मुलांसारखे उभे राहायचे. भावजी गेले त्याला दीड वर्ष होऊन गेलं, आणि त्यानंतर ताई घराबाहेर पडली ती फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. बोलते नीट, जेवते नीट, फोन उचलते, पण घर सोडत नाही. नात्यातल्या एका लग्नाला जायचं तर म्हणाली, दाराचं कुलूप धड लागत नाही. पुतणीचं बाळ बघायला जायचं ठरलं तर म्हणाली, गुडघा दुखतोय. मग मी तिकिटं रद्द केली. एकदा तर म्हणाली, आभाळ बघ कसं आलंय. दुसऱ्याचं आभाळ आणि तिचं आभाळ काही वेगळं नव्हतं, पण आम्ही राहिलो.

ट्रेलरचं ऐकून मात्र तिने पहिल्यांदाच ‘नाही’ म्हटलं नाही. कुणाच्या घरी उतरायचं नाही, कुणाला ‘आता कशी आहेस’चं उत्तर द्यायचं नाही, आपलं आपण राहायचं. “येते,” म्हणाली. “पण काही कटकट होणार असली तर आधीच सांग.” या दुसऱ्या वाक्याने माझी झोप उडवली. म्हणजे कटकट शोधायची आणि घरी बसायचं. तिला एक नट पुरेसा होता. तो नट मी तिला मिळू देणार नव्हतो. भावजींच्या रिकाम्या खुर्चीसमोर ती एकटी बसून जेवते हे मला सहन होत नव्हतं, एवढी साधी गोष्ट होती ती.

त्यातून आमच्या घराची एक रीत आहे. काही बिघडलं की आम्ही ते एकमेकांपासून लपवतो आणि त्याला माया म्हणतो. माझ्या वडिलांचा हात मोडला होता तेव्हा त्यांनी आईला त्रास नको म्हणून ऐन उन्हाळ्यात लांब बाह्यांचे शर्ट घातले. आईला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. पण आपल्याला कळलंय हे कळलं तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून तिने ताकास तूर लागू दिली नाही. फक्त त्यांच्या ताटात चमचा ठेवायला लागली. हात वाकडाच जुळला. आम्ही मुलं ही गोष्ट अजून अभिमानाने सांगतो, यावरून काय ते समजा.

शुक्रवारी संध्याकाळी ताई आली. एक छोटी बॅग, एक शाल. ट्रेलर अंगणात उभा होता, तो तिने आतून फिरून बघितला, गाद्या दाबून बघितल्या, आतच बसून चहा प्यायली. “बरा आहे,” एवढंच म्हणाली. मी समाधानाने झोपलो.

सकाळी उठून कपाट उघडलं, तर पाणी दारातून माझ्या पायांवर आलं.

थेंब आता थेंब राहिला नव्हता. मी पुन्हा पाना लावला. नट आवळायला गेलो तर तो नुसताच गरगर फिरला, घट्ट होईना की सैल होईना. माझ्यातल्या तपासनिसाने लगेच निदान केलं: नळी गेली, नवी हवी. माझ्यातल्या भावाने ठरवलं: कुणाला कळता कामा नये. बायकोला म्हणालो, टायरमध्ये हवा भरून येतो. ती म्हणाली, “गाडी न नेता?” मी गाडी घेऊन गेलो.

हार्डवेअरच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं, “काय हवंय?”

“नळी. सिंकखालची.”

“जुनी आणलीय?”

“नाही.”

“फोटो?”

“नाही.”

“मग मी कशावरून देऊ?”

मी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जाडी दाखवली. बाईंनी माझ्या बोटांकडे बघितलं. बोटं दरवेळी वेगळी जाडी दाखवत होती हे माझ्याही लक्षात आलं. शेवटी त्यांनी तीन जाडीच्या नळ्या काउंटरवर मांडल्या आणि मी, चष्मा घरी विसरलेला माणूस, त्यातली एक अशा ऐटीत उचलली जणू तिची माझी जुनी ओळख होती.

“एक की दोन?” बाई म्हणाल्या. “गरमची पण बदलून टाका, बरोबरच बसवलेल्या असतात.”

“एकच. गरमची उत्तम आहे,” मी म्हणालो. गरमच्या नळीकडे मी ढुंकूनही बघितलं नव्हतं. शिवाय मोठेपणा म्हणून नटावर गुंडाळायची पांढरी टेप घेतली, आणि एक गंज काढायचा फवारा, जिथे सगळा कारभार प्लास्टिकचा होता.

परत आलो तर ताई ट्रेलरमध्ये. सिंकच्या बरोबर समोरच्या बाकावर, शाल पांघरून, बॅग मांडीवर. आवरून तयार. निघायला अजून अर्धा दिवस होता.

“अगं, आत्तापासून?”

“बसते जरा. तुझं चालू दे.”

माझं काय चालू देणार? नळी मी शर्टाच्या आत घातली होती आणि ती बगलेतून डोकावत होती. मी शेगडी पुसू लागलो. स्वच्छ शेगडी मी इतकी पुसली की ताईने विचारलं, “काही सांडलंय का रे टिल्ल्या?” घरात सगळ्यात धाकटा म्हणून मला टिल्ल्या म्हणायचे. आता मी दारातून आत येतो तेव्हा ट्रेलर एका बाजूला कलतो, पण नाव काही बदललं नाही.

तेवढ्यात पंप गुरगुरला.

या पंपाविषयी सांगायला हवं. टाकीतलं पाणी नळापर्यंत तो चढवतो. नळ उघडला की चालू, बंद केला की बंद. पण कुठे गळत असेल तर नळ बंद असतानाही पाण्याचा दाब हळूहळू उतरतो आणि पंप आपण होऊन एकदा ‘गुर्रर्र’ करून गप्प बसतो. थोड्या वेळाने पुन्हा. घरात चोर शिरलाय हे ज्याला कळलंय आणि जो ते पोटात ठेवू शकत नाही, असा हा प्राणी. आणि त्याचं बटण ताईच्या डोक्यामागे.

“कसला आवाज?” ताई म्हणाली.

“पोट,” मी म्हणालो. “माझं. सकाळपासून गुरगुरतंय.”

ताईने माझ्याकडे बघितलं. थिएटरमध्ये ती सर्जनकडे जसं बघत असेल तसं. मग तिने मांडीवरची बॅग उघडली, गोळ्यांची डबी काढली, त्यातली एक मोठी गुलाबी गोळी निवडली. “चावून खा.” मी खाल्ली. खडू आणि पुदिना एकत्र कुटला तर लागेल तशी चव. पंप पुन्हा गुरगुरला. तिने दुसरी गोळी दिली.

तिसरी गोळी येण्याआधी मी बाहेर पळालो आणि बायकोला गाठलं. “ताईला घरात बोलाव. काहीही कारण सांग.” नवल म्हणजे बायकोने ‘का’ असं विचारलं नाही. “ताई, तुम्ही जरा आत येता का? कोणतं पांघरूण घ्यायचं ते बघा,” अशी हाक तिने मारली, आणि हाक मारताना माझी नजर चुकवली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी नळीच्या नादात होतो.

ताई घरात गेली आणि मी कपाटात शिरलो. पंपाचं बटण बंद केलं, बॅटरी तोंडात धरली आणि मान वळवून त्या नटाकडे पहिल्यांदाच नीट, धंद्याच्या नजरेने, बघितलं.

नटाला उभी चीर गेली होती. ते ठीक, गरगर फिरण्याचं कारण तेच. पण त्या नटावर खुणा होत्या. माझ्या पान्याचे जबडे गुळगुळीत आहेत, त्यांनी दोन सपाट चट्टे पाडले होते. त्यांच्यावर आडवे, बारीक दातांचे ओरखडे होते, पकडीचे. माझ्याकडे पकड नाही. आणि नटाच्या कडेला लाल रबराचे कण चिकटले होते. आमच्या स्वयंपाकघरात घट्ट बरण्या उघडायला लाल रबराची एक चकती आहे.

मी पडल्या पडल्या हाक मारली, “जावईबापू!”

जावई ट्रेलरच्या मागच्या दिव्यांच्या तारा तपासत होता. तो बरोबर येणार नव्हता, आम्हाला वाटेला लावायला आला होता. गणिताचा मास्तर आहे, शहाणा मुलगा, आदल्या दिवशीही गाडीची जोडणी बघायला येऊन गेला होता. त्याचं डोकं दारातून आत आलं. “काय बाबा?”

“तुमच्याकडे पकड आहे?”

“आहे ना. देऊ?”

“ती काल या नटाला लावलीत?”

तो लाल झाला. “थेंब दिसला. तुम्ही आत्ताच आवळलाय असं वाटत होतं. तुम्हाला कमीपणा नको वाटायला म्हणून… थोडासाच फिरवला.”

जावयावर ओरडता येत नाही. मुलगा असता तर त्याचे कान उपटले असते. जावयाला मी ‘तुम्ही’ म्हणतो आणि त्या ‘तुम्ही’ने माझे हात बांधलेले आहेत. एवढ्यात त्याच्या मागे बायको येऊन उभी राहिली. मी कपाटातूनच विचारलं, “आणि बरणी उघडायची ती लाल चकती कुठे आहे?”

“म्हणजे तुम्हाला कळलं,” बायको म्हणाली. “काल संध्याकाळी भांडी लावताना बघितलं. म्हटलं ताईंना दिसायला नको, आणि तुमचाही हिरमोड नको. आवळलं जरासं.”

जरासं. थोडासाच. मी तर आवाज निघेपर्यंत. प्लास्टिकचा नट हातानेच लावायचा असतो, पान्याने नाही, हे मी लोकांच्या सिंकपाशी उभा राहून किती वेळा सांगितलंय. विम्याच्या अहवालात मी या प्रकरणाचं काय केलं असतं ते मला पक्कं ठाऊक होतं. खापर कुणा एकावर फोडायची सोयच नव्हती. अख्खं कुटुंबच निष्काळजी.

“आणि हे बँडेज कुणाचं?” मी विचारलं.

“कसलं बँडेज?” दोघंही म्हणाले.

गरम नळीच्या नटाभोवती पांढरं बँडेज होतं. घरात आपण चिंधी गुंडाळतो तसं नव्हे. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढलेला, कुठे सुरकुती नाही, टोक आत दुमडून वर चिकटपट्टीचा चौकोन, कात्रीने कापलेला. बँडेजातून अगदी सावकाश एक थेंब फुगत होता. उत्तम असलेली गरमची नळी ती हीच.

असं बँडेज बांधणारं माणूस आमच्या ओळखीत एकच.

मी कपाटातून निघालो. निघताना डोकं आपटलं. आम्ही तिघं ट्रेलरच्या मागे जाऊन कुजबुजायला लागलो. ताईला माहीत आहे. कालपासून माहीत आहे. मग बोलली का नाही? बायको म्हणाली, “आपण बोलायची वाट बघतायत. म्हणजे नाही म्हणायचं त्यांच्यावर यायला नको.” मलाही तेच पटलं. म्हणून ती बॅग मांडीवर घेऊन बसली होती. उतरून सरळ घरी जायला. मला एकदम थकवा आला. नळी मिळाली होती, बसवता आली असती; पण जिला यायचंच नाही तिला नट आवळून थोडंच नेता येतं? म्हटलं, आता निदान तिची सुटका तरी आपण चांगल्या मनाने करावी.

ट्रेलरमध्ये परत आलो तर ताई आपल्या जागेवर. पांघरूण निवडून आली होती, ते तिने घडी घालून बाकावर ठेवलं होतं.

“ताई,” मी म्हणालो, “हे बघ, पाणी गळतंय. दुरुस्त होईल की नाही सांगता येत नाही. तुला उगाच त्रास नको. मी तुला घरी सोडतो. पुन्हा कधीतरी जाऊ.”

मला वाटलं ती म्हणेल, बरं बाबा. ती उभी राहिली.

“मला माहीतच होतं,” ती म्हणाली. “काल कप धुताना थेंब बघितला तेव्हाच मनात आलं, झालं, आता याला कारण मिळालं.”

“मला?”

“मग कुणाला? मी स्वतः वाकून तो नट फिरवला. कट्ट वाजलं, तशी हात काढला. मग दुसरा गळत होता त्याला बँडेज केलं. गुडघे टेकून. का? तर तुला दिसू नये म्हणून. दिसलं की तू रद्द करणार.”

“अगं, पण दरवेळी तूच… बाळ बघायला जायचं होतं तेव्हा गुडघा दुखतोय कोण म्हणालं?”

“दुखत होता म्हणून दुखतोय म्हणाले. येत नाही असं कधी म्हणाले? तू दहा मिनिटांत तिकिटं रद्द करून मोकळा. लग्नाच्या वेळी कुलूप लागत नव्हतं; कुलूपवाल्याला बोलाव एवढंच मला म्हणायचं होतं. तुम्ही सगळे एकदम हळू आवाजात म्हणालात, राहू दे ताई, राहू दे. दीड वर्ष हेच चाललंय. मी काही बोलले की घर कसं गप्प होतं. मला वाटायला लागलं, माझ्यासारखी बाई बरोबर नेणं यांना जड जातंय, कारण शोधतायत बिचारे.” तिचा आवाज फुटला, तशी ती आणखी चिडली. “आभाळ आलंय म्हटलं तर छत्री घे म्हणायचं असतं रे गाढवा! जपू नका मला. न्या!”

दारात बायको आणि जावई दोघंही उभे होते. बायकोने पदर डोळ्याला लावला. मी काय केलं? मी नळीचं वेष्टन सोडायचा प्रयत्न केला आणि ते सुटेना. मला रडू येत होतं, लाज वाटत होती, आणि ते प्लास्टिक दातांनीही फाटत नव्हतं. डाग बघून सगळं ओळखणारा मी, माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत दीड वर्ष दुसऱ्याच भिंतीकडे बघत बसलो होतो.

ताईने वेष्टन माझ्या हातातून घेतलं, कात्रीने कापलं. “पंप बंद आहे?”

“आहे.”

“मग आत जा. तू धर, मी सांगते.”

मी आत गेलो. फुटका नट काढला, जुनी नळी ओढली; उरलंसुरलं पाणी कॉलरमधून बेंबीपर्यंत उतरलं. नवी नळी आश्चर्य म्हणजे बसली. तीन जाडींतली नेमकी बरोबर कशी निघाली ते मला विचारू नका. दुकानातल्या बाईंनी नजरेने ओळखून तीच माझ्या हाताजवळ सरकवली असावी. मी पांढरी टेप गुंडाळायला घेतली, तर ताई वरून म्हणाली, “ते कशाला? आत रबर आहे ना, ते धरतं.” मी पान्यासाठी हात बाहेर काढला. पान्याऐवजी तळहातावर चापट बसली.

“हाताने,” ताई म्हणाली. “बोटांना घट्ट लागलं की थांब. पेशंट बरा होता, डॉक्टर जास्त झाले.”

मी हाताने आवळला. दारातून जावई म्हणाला, “बाबा, अजून अर्धा फेरा…” आणि बायकोने त्याला मागे ओढलं.

पंप सुरू केला. तो मिनिटभर चालला, थांबला. आम्ही चौघं त्या डब्यात श्वास धरून उभे. जावयाच्या कोपरापाशी बायको, बायकोच्या पाठीशी शेगडी, मी जमिनीवर. थंड नळी कोरडी. बोट फिरवून बघितलं, कोरडी. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गळती बंद केली होती. मी मान वर करून सगळ्यांकडे बघितलं, कुणी काही म्हणेल म्हणून.

गुर्रर्र.

“गोळी देऊ?” ताई म्हणाली. तिला पहिल्यापासून माहीत होतं. दोन्ही गोळ्या तिने मला पूर्ण शुद्धीत खायला घातल्या होत्या.

गरमच्या नळीच्या बँडेजातून थेंब पडला. दुसरी नळी मी आणली नव्हती. दुकान शनिवारी दुपारीच बंद व्हायचं, आणि एव्हाना ते झालं होतं. थेंब पुन्हा फुगला, पडला. बायको माझ्याकडे बघत होती, जावई तिच्याकडे, आणि मग सगळे हळूच ताईकडे. मला ते घर गप्प होणं पहिल्यांदाच ऐकू आलं. खरंच भयंकर असतं ते. आणि तरी, इतकं सगळं ऐकून घेतल्यावरही, सवयीने माझं तोंड उघडलं: “ताई, म्हणजे तुला जर…”

ताईने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. तिने शेगडीवरचं पातेलं उचललं, वाकली, गुडघा दुखला तशी “आई गं” म्हणाली, पातेलं थेंबाखाली ठेवलं, कपाटाचं दार लावलं. पंपाचं बटण बंद केलं. मग बॅग घेऊन माझ्या अंगावरून ओलांडून ती पायऱ्या उतरली.

मी ओल्या फरशीवर बसल्या बसल्या ऐकत होतो. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, लागल्याचा आला. मग हॉर्न वाजला. लांबलचक, शेजारपाजारच्या खिडक्या उघडतील असा.

“जेवणं राहिलीत अजून,” बायको म्हणाली.

हॉर्न पुन्हा वाजला.

जावयाने पळत जाऊन जोडणी बघितली, बायकोने स्वयंपाकघरातली भांडी आहेत तशी टोपलीत भरली. ताई पुढच्या सीटवर बसली होती, पट्टा लावून, एक हात स्टिअरिंगपर्यंत लांबवून हॉर्नवर ठेवलेला. बायको मुकाट्याने मागे बसली. मी शर्ट बदलायला घरात जाणार होतो, पण ताईने काचेतून माझ्याकडे बघितलं, तसा ओल्या शर्टानेच गाडीत शिरलो आणि गाडी सुरू केली.